आघाडीपटू ते प्रशिक्षक : प्रदीप कुमार बॅनर्जी आणि भारतीय फुटबॉलमधील १९६२ नंतरचा काळ

प्रस्तावना

भारतीय फुटबॉलच्या इतिहासाचे एक ठरावीक कथानक आहे. १९५१ ते १९६२ हा सुवर्णकाळ, हैदराबादचे शिक्षक व प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे शिल्पकार, ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने झालेले त्यांचे निधन आणि त्यानंतरची घसरण. १९५१ व १९६२ ची आशियाई सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथे स्थान हे या कथानकाचे आधारस्तंभ होत. २०२४ साली प्रदर्शित झालेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटानेही रहीम यांची हीच कथा पडद्यावर आणली.

हे कथानक खोटे आहे असे प्रस्तुत लेखकास म्हणावयाचे नाही. मात्र त्यात एक अडचण आहे आणि ती सहसा विचारात घेतली जात नाही. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथे दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताचा पहिला गोल करणारा आघाडीपटू त्यानंतर दहाच वर्षांत देशातील सर्वांत यशस्वी प्रशिक्षक झाला. रहीम गेले, परंतु त्यांच्या हाताखाली खेळलेला, त्यांची पद्धत जवळून पाहिलेला शिष्य मैदानावरच होता, जिंकत होता आणि राष्ट्रीय संघाची जबाबदारीही त्याच्याकडे अनेकदा सोपविली गेली. असे असतानाही घसरण थांबली नाही. मग ती केवळ एका गुरूच्या मृत्यूने झाली असे कसे म्हणता येईल? प्रदीप कुमार बॅनर्जी, म्हणजेच ‘पी. के.’, यांच्या कारकिर्दीचा आढावा प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने घेतला आहे.

साधनांविषयी एक गोष्ट आरंभीच नोंदवली पाहिजे. या विषयाचा अभ्यास करताना वृत्तपत्रे, स्पर्धांच्या विजेत्यांच्या याद्या आणि खेळाडूंच्या आठवणी यांवरच बहुतांशी विसंबावे लागते. आठवणी रसाळ असतात, पण आकड्यांच्या बाबतीत त्या बेभरवशाच्या ठरतात. पी. के. यांच्या नावावर ८४ आंतरराष्ट्रीय सामने व ६५ गोल असा आकडा वारंवार छापला जातो. अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांची जी यादी संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी सिद्ध केली आहे, तिच्याशी तो जुळत नाही. त्या यादीतील गोलांची संख्या बरीच कमी आहे. दौऱ्यांवरील व मैत्रीपूर्ण सामने त्यात मिसळले गेले असावेत. त्यामुळे पुढील विवेचनात या आकड्याचा आधार घेतलेला नाही.

रेल्वेचा खेळाडू

पी. के. यांचा जन्म २३ जून १९३६ रोजी उत्तर बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात मोयनागुडी येथे झाला. पुढे त्यांचे वास्तव्य जमशेदपूर या पोलाद उद्योगाच्या नगरीत होते. त्यामुळेच १९५२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, संतोष करंडक स्पर्धेत ते उजव्या बगलेवर खेळले ते बंगालकडून नव्हे, तर बिहारकडून. १९५४ मध्ये ते कलकत्त्यास आले व आर्यन क्लबकडून खेळू लागले. त्यानंतर १९५५ मध्ये ते ईस्टर्न रेल्वेत दाखल झाले आणि १९६७ मध्ये दुखापतींमुळे निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

या साध्या नोंदीत बराच अर्थ दडलेला आहे. कलकत्त्याच्या फुटबॉलमध्ये मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग हे तीन क्लब म्हणजे जणू तीन सत्ताकेंद्रे होती. देशातील प्रत्येक गुणी खेळाडूची पावले त्यांच्याकडे वळत. चुनी गोस्वामी मोहन बागानचे झाले, तुलसीदास बलराम ईस्ट बंगालमध्ये गाजले. याच त्रयीतील तिसरे, पी. के., मात्र खेळाडू म्हणून या तिन्ही क्लबांपैकी एकाचाही गणवेश न चढविता निवृत्त झाले. त्या काळी क्लबचा खेळाडू कागदोपत्री हौशी असे. त्याला मिळणारा पैसा अनिश्चित असे व दुखापतीनंतर विचारणारे कोणी नसे. रेल्वेची नोकरी म्हणजे दरमहा वेतन आणि खेळ संपल्यानंतरचेही आयुष्य. १९५० च्या दशकात पोलीस, सैन्यदले, रेल्वे व टाटांसारखे उद्योगसमूह हेच भारतीय खेळाडूंचे खरे आश्रयदाते होते आणि पी. के. हे त्या व्यवस्थेचे अपत्य होते. १९५८ साली ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली, तेव्हा तीन मोठ्या क्लबांची मक्तेदारी स्वातंत्र्यानंतर प्रथमच मोडली गेली. त्यानंतर कितीतरी दशके तिला असा धक्का कोणी देऊ शकले नाही.

राष्ट्रीय संघात त्यांचा प्रवेश १९५५ मध्ये ढाका येथील चौरंगी स्पर्धेत झाला. दुसऱ्याच वर्षी ते मेलबर्नला गेले. तेथे यजमान ऑस्ट्रेलियावर भारताने ४–२ असा विजय मिळविला. त्या सामन्यात मूळच्या गोव्याच्या व मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. (मराठी क्रीडालेखनात या घटनेस आजवर मिळालेली जागा पाहता आपले क्रीडावाङ्मय क्रिकेटने किती व्यापले आहे, याची कल्पना येते.) उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून व पदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून भारत पराभूत झाला, तरी उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला आशियाई संघ ठरला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पी. के. कर्णधार होते. फ्रान्सविरुद्ध त्यांच्या गोलाने भारताने आघाडी घेतली. सामना संपण्यास थोडाच अवधी उरला असताना फ्रान्सने १–१ अशी बरोबरी साधली. हंगेरी व पेरू यांच्याकडून हरल्यामुळे भारत गटातच बाद झाला. त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा दिसला नाही.

जकार्ता, १९६२

जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेची हकीकत अनेकदा सांगितली गेली आहे. इस्रायल व तैवान यांना इंडोनेशियाने वगळल्याबद्दल भारतीय क्रीडाप्रशासक जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि त्याचा राग प्रेक्षकांनी भारतीय खेळाडूंवर काढला. सलामीच्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २–० असे नमविले. त्यानंतर थायलंड, जपान व उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून भारत पुन्हा त्याच कोरियासमोर उभा राहिला. सेनायानच्या प्रचंड स्टेडियममध्ये जवळपास सारे प्रेक्षक विरोधात होते. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून नुकतेच उठले होते. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते. रहीम यांनी त्यांना बचावात न खेळविता आघाडीवर पाठविले. सतराव्या मिनिटाला पी. के. यांनी आणि विसाव्या मिनिटाला जर्नेल सिंग यांनी गोल केला आणि भारत २–१ असा जिंकला.

रहीम यांचे सामन्यापूर्वीचे बोलणे हा या संघातील प्रत्येकाच्या आठवणींचा समान विषय आहे. पी. के. यांच्याही मुलाखतींत तो पुनःपुन्हा येतो. प्रशिक्षक म्हणून ज्या गोष्टीसाठी ते पुढे प्रसिद्धीस आले, तिचे बीज त्यांनी येथे पाहिले असे मानण्यास जागा आहे. परंतु रहीम यांच्याजवळ केवळ शब्द नव्हते, हे विसरून चालणार नाही. १९५० पासून मृत्यूपर्यंत राष्ट्रीय संघाची सूत्रे मुख्यतः त्यांच्याच हाती राहिली. मोठ्या स्पर्धांपूर्वी दीर्घ शिबिरे भरत व खेळाडूंचे मालक, म्हणजे पोलीस, रेल्वे व सेना, त्यांना रजा देत. जर्नेल सिंग यांना आघाडीवर पाठविण्याचा निर्णय ऐनवेळी घेतलेला भासतो. प्रत्यक्षात आपल्या खेळाडूंना महिनोन्‌महिने जवळून पाहिलेला माणूसच असे धाडस करू शकतो.

मैदानावरील ‘टॉनिक’

१९७२ मध्ये पी. के. यांनी ईस्ट बंगालचे प्रशिक्षकपद स्वीकारले. येथून पुढची चार वर्षे या क्लबच्या इतिहासातील सर्वोच्च काळ मानली जातात. पहिल्याच हंगामात लीग, आय.एफ.ए. शिल्ड व ड्युरँड करंडक मिळाले, तर मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स करंडक मोहन बागानसह विभागून मिळाला. १९७३ च्या शिल्डच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाच्या प्याँगयाँग सिटी क्लबचा ३–१ असा पराभव झाला. १९७५ मध्ये ईस्ट बंगालने सलग सहावी लीग जिंकली व मोहमेडन स्पोर्टिंगने १९३० च्या दशकात केलेला सलग पाच विजयांचा विक्रम मागे टाकला. या सहांपैकी शेवटच्या चार पी. के. यांच्या काळातील होत. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा ५–० असा पराभव झाला. पी. के. यांचे धाकटे बंधू प्रसून त्या वेळी मोहन बागानमध्ये होते. हा पराभव असह्य होऊन मोहन बागानच्या एका चाहत्याने आत्महत्या केल्याची नोंद आहे. कलकत्त्यातील फुटबॉल हे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित व मूळचे पश्चिम बंगालवासी यांच्या अस्मितांचे रणांगण कसे झाले होते, हे समजल्याखेरीज या घटनेचा अर्थ लागत नाही.

आणि मग १९७६ मध्ये पी. के. मोहन बागानमध्ये गेले. पाच गोलांच्या पराभवाचे सूत्रधार दुसऱ्याच हंगामात पराभूतांच्या तंबूत आले. २४ जुलै १९७६ च्या लीग सामन्यात खेळ सुरू झाल्यावर अवघ्या १७ सेकंदांत महंमद अकबर यांनी ईस्ट बंगालवर गोल केला. तोच निर्णायक ठरला आणि त्या वर्षीची लीग मोहन बागानने परत मिळविली. १९७७ मध्ये शिल्ड, ड्युरँड व रोव्हर्स हे तिन्ही करंडक एकाच हंगामात जिंकले गेले. पहिल्याच फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात मात्र बंगळूरच्या आय.टी.आय. संघाने त्यांना हरविले. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर न्यूयॉर्क कॉसमॉस हा संघ आला. पेले, कार्लोस आल्बेर्तो व किनालिया त्यात होते. सामना २–२ असा बरोबरीत सुटला. मोहन बागानचे गोल श्याम थापा व महंमद हबीब यांनी केले. पुढच्या वर्षी सोव्हिएत आर्मेनियाच्या अरारत येरेव्हानशी शिल्डचा अंतिम सामना बरोबरीत सुटून करंडक विभागून देण्यात आला.

या यशाचे स्पष्टीकरण म्हणून एक शब्दप्रयोग रूढ झाला : ‘व्होकल टॉनिक’. सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत पी. के. दीर्घ बोलत. कोणास घरची आठवण देत, कोणाच्या स्वाभिमानाला डिवचत, कोणास पाठीवर हात ठेवून धीर देत. ज्यांनी ते ऐकले त्यांच्या मते खेळाडू पेटून मैदानात उतरत. त्यांचे समकालीन व प्रतिस्पर्धी अमल दत्त यांनी या प्रकाराची उघड खिल्ली उडविली. दत्त हे स्वखर्चाने इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचे शास्त्र शिकून आलेले, व्यूहरचनेचे भोक्ते. बंगाली वृत्तपत्रांनी या दोघांना परस्परविरोधी ध्रुव म्हणून रंगविले : एक बोलणारा, दुसरा विचार करणारा. ही विभागणी आमच्या मते फार ढोबळ आहे. केवळ बोलण्याने चार वर्षे सलग लीग जिंकता येत नाही. निवड, सराव आणि दमसास यांचा भाग त्यात होताच. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. पी. के. यांनी खेळाच्या मांडणीत नवे असे काही दिले नाही. मांडणी त्यांनी स्वीकारली आणि तिच्यात माणसे उभी केली. शिवाय त्यांचे शब्द जेथे परिणामकारक ठरले, तेथे भावनेचे इंधन अगोदरच साठलेले होते. ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान या सामन्यात खेळाडूला जागे करण्याची नव्हे, त्याच्यातील ज्वाला दिशेने वळविण्याची गरज असते.

राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यांपासून १९८६ पर्यंत पी. के. यांच्याकडे भारतीय संघाची धुरा वेळोवेळी आली. ‘वेळोवेळी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एका स्पर्धेपुरती नेमणूक, मध्ये दुसरे कोणी, पुन्हा बोलावणे अशी ती पद्धत होती. १९७० साली बँकॉकला मिळालेले कांस्यपदक हे आशियाई क्रीडा स्पर्धेतील भारतीय पुरुष फुटबॉलचे अखेरचे पदक ठरले. १९८२ च्या दिल्ली स्पर्धेसाठी पी. के. यांच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. भारताने गटात मलेशिया व बांगलादेश यांना हरविले, चीनशी २–२ अशी बरोबरी साधली आणि उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०–१ असा पराभव पत्करला. १९८६ च्या सेऊल स्पर्धेत तर गटातील तिन्ही सामने गमावले गेले.

याच काळात आशियातील इतर देश काय करीत होते, हे पाहणे उद्बोधक आहे. जपानने १९६५ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील लीग सुरू केली. दक्षिण कोरियाची व्यावसायिक लीग १९८३ ची. भारतात राष्ट्रीय लीग सुरू व्हावयास १९९६ साल उजाडले. तोवर भारतीय फुटबॉलचे वर्ष हे कलकत्ता लीग, शिल्ड, ड्युरँड, रोव्हर्स अशा क्रमाने आखलेले असे, म्हणजे ते क्लबांचे वर्ष होते. राष्ट्रीय शिबिरासाठी खेळाडू सोडण्यास क्लब नाखूश असत. दिल्ली स्पर्धेच्या सुमारास तर ‘क्लब की देश’ हा वाद विकोपाला गेला होता. रहीम यांच्या काळात खेळाडूचा मालक सरकारी खाते होते व त्याला राष्ट्रीय संघात आपला माणूस असणे भूषणावह वाटे. १९७० नंतर खेळाडूवर खरा हक्क कलकत्त्याच्या क्लबांचा झाला आणि त्यांना हवा होता तो शेजारच्या तंबूवर विजय.

येथे पी. के. यांच्या कारकिर्दीतील विसंगती स्पष्ट होते. क्लबांचे हे वर्चस्व ज्या यशामुळे वाढले, त्या यशाचे मोठे श्रेय त्यांचेच होते. १९७२ ते १९७९ या आठ वर्षांत त्यांनी दोन्ही क्लबांना जे वैभव मिळवून दिले, त्यामुळे मैदानावरील गर्दी, पैसा, वृत्तपत्रांतील जागा व खेळाडूंची निष्ठा ही सारी त्या एका स्पर्धेभोवती अधिकच घट्ट झाली. तिची किंमतही होती. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवरील याच दोन संघांच्या सामन्यात दंगल व चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. ज्याने खेळाडू म्हणून या क्लबांना दूर ठेवले, त्यानेच प्रशिक्षक म्हणून त्यांना बलिष्ठ केले आणि राष्ट्रीय प्रशिक्षक या नात्याने त्याच बलिष्ठांकडे खेळाडूंची मागणी करण्याची वेळ त्याच्यावर आली. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. उपजीविकेचे व प्रतिष्ठेचे दुसरे क्षेत्र प्रशिक्षकास उपलब्धच नव्हते. पण रहीम यांच्या मृत्यूने सारे संपले, हे विधान यामुळे टिकत नाही. शिष्य होता, त्याची वाणीही होती. नव्हते ते गुरूला मिळालेले वर्षानुवर्षांचे सातत्य आणि शिबिरांचे ते महिने.

यावर असा आक्षेप घेता येईल की, रहीम यांच्या काळातही आशियातील स्पर्धा तुलनेने दुबळी होती आणि भारताचे यश काही अंशी त्याचे फलित होते. या आक्षेपात तथ्य आहे. १९६० च्या दशकात भारतातील अनेक स्पर्धांचे सामने नव्वद नव्हे, तर सत्तर मिनिटांचे असत, ही एकच गोष्ट आपण जगापासून किती अलग होतो हे दाखविण्यास पुरेशी आहे. तथापि हा आक्षेपदेखील व्यवस्थेकडेच बोट दाखवितो, व्यक्तीकडे नव्हे.

जमशेदपूर आणि सॉल्ट लेक

१९९१ ते १९९७ या काळात पी. के. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचे तांत्रिक संचालक होते. ज्या गावात ते वाढले तेथेच ते मुलांना घडविण्यासाठी परतले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या निवासी अकादमीत खेळाडू कोवळ्या वयात येत, वर्षानुवर्षे एकाच छताखाली राहत व शिकत. रहीम यांना मोठ्या खेळाडूंसाठी जे सातत्य लाभले होते, ते पी. के. यांना येथे लहान मुलांसाठी लाभले. त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग सर्वांत कमी लिहिला गेला आहे. त्याला ना प्रेक्षक होते, ना करंडक.

लोकांच्या स्मरणात राहिला तो १३ जुलै १९९७ चा सामना. फेडरेशन करंडकाची उपांत्य फेरी, सॉल्ट लेक स्टेडियम. ईस्ट बंगालकडे पी. के. आणि मोहन बागानकडे अमल दत्त. दत्त यांच्या ‘डायमंड’ व्यूहरचनेने तोवर प्रतिस्पर्ध्यांची दाणादाण उडविली होती. सामन्यापूर्वी दत्त यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांवर चेष्टेच्या कोट्या केल्या, भाईचुंग भुतियालाही सोडले नाही. पी. के. यांना बोलण्यास आयतेच निमित्त मिळाले. त्या दिवशी १,३१,७८१ प्रेक्षक उपस्थित असल्याची नोंद आहे. ईस्ट बंगालने ४–१ असा विजय मिळविला आणि भुतियाने तीन गोल केले. ‘टॉनिक’ने ‘डायमंड’ फोडला, असे दुसऱ्या दिवसापासून म्हटले जाऊ लागले आणि आजही म्हटले जाते.

१९६१ चा अर्जुन पुरस्कार, १९९० ची पद्मश्री आणि २००४ मधील फिफाचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हे पी. के. यांना लाभलेले सन्मान. २० मार्च २०२० रोजी कोलकाता येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहाच आठवड्यांत, ३० एप्रिलला, चुनी गोस्वामी गेले आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजी बलरामही. पी. के. यांच्यावरील बहुतेक मृत्युलेखांत १९६२ च्या गोलापाठोपाठ १९९७ च्या त्या उपांत्य सामन्याचा उल्लेख होता. त्या वर्षीचा फेडरेशन करंडक मात्र ईस्ट बंगालला मिळाला नव्हता. अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघाने त्यांना २–१ असे हरवून तो गोव्यास नेला.